नानीच्या 'जपानी टाइम'च्या आठवणी खऱ्या की सरमिसळ? (अंदमान, १९४२-४५)

रताळ्याचा_कीस:
नवऱ्याची नानी पोर्ट ब्लेअरची, तिकडच्या भाषेत लोकल बॉर्न. वय नव्वदीच्या आसपास. आता आमच्याकडे ठाण्यात असते. ती कुकरच्या शिट्ट्या जपानीत मोजते, इची, नी, सान, आणि चौथीला "शी" म्हणते तेव्हा आमची मुलं खिदळतात. दुसऱ्या महायुद्धात अंदमान जपान्यांच्या ताब्यात होतं, तेव्हा शाळेत शिकवलं म्हणे. महाशिवरात्रीला मी रताळ्याचा कीस केला तर ही बाई ताटावरून उठूनच गेली, मला वाटलं माझंच काही चुकलं, नंतर कळलं की तीन वर्षं तेच खाल्लंय.

पण बाकीचं सगळं तुकड्यातुकड्यात सांगते. एका कोंबडीपायी एका मुलाला सगळ्यांसमोर गोळी घातली. एका शिपायाने तिला साखर दिली आणि त्याच शिपायाने वाकून सलाम केला नाही म्हणून तिच्या अब्बांच्या थोबाडीत मारली. आणि नेताजींना बघितलं! नवरा म्हणतो वयामुळे सरमिसळ होतेय. कुणाला माहितीये का काही?

खारेवारे:
ताई, नवऱ्याला सांगा सरमिसळ नाहीये. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं पोर्ट ब्लेअरला होतो, जुन्या घरांमधून हेच ऐकलंय. जपानी उतरले २३ मार्च १९४२ ला, जवळजवळ विरोध झालाच नाही. कोंबडीची गोष्ट तर सगळ्या गावाला पाठ आहे, त्या मुलाचं नाव जुल्फिकार अली, सनी म्हणायचे. सैनिक घरात घुसून कोंबड्या पकडायला लागले तेव्हा त्याने छऱ्याची बंदूक उडवली, लागलं कुणालाच नाही, पण त्याला हालहाल करून मारलं. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट आहे ही.

नेताजींनी जिमखाना मैदानावर झेंडा फडकवला ३० डिसेंबर १९४३ ला, म्हणजे नानी तेव्हा सात-आठ वर्षांची, नक्कीच बघितलं असेल. पण त्याच वेळी डॉ. दिवाण सिंग, तिथले नावाजलेले डॉक्टर, सेल्युलर जेलमध्ये होते, हेरगिरीच्या आरोपावरून धरलेले. १४ जानेवारीला छळामुळे गेले. आणि झेंड्याला बरोब्बर महिना झाला तेव्हा, ३० जानेवारी १९४४, पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंजला ४४ जणांना गोळ्या घातल्या. नेताजींना जेलमधलं कितपत कळू दिलं यावर तिथे अजून वाद होतात, मी त्यात पडत नाही.

आळशी_बोका:
आम्ही दोनदा टूरने गेलो, सावरकरांची कोठडी बघितली, डोळ्यात पाणी वगैरे आलं, लाइट अँड साउंड शो बघितला, पण हम्फ्रीगंजचं नाव आत्ता पहिल्यांदा ऐकतोय. गाईडने जपान्यांवर एक वाक्य टाकलं, तेही रॉस बेटावरचे बंकर दाखवताना, फोटो काढा म्हणून. लाज वाटली थोडी.

खारेवारे:
बोकाभाऊ, तुम्ही हॅवलॉक बेटावर स्कूबा केलं असेलच. ऑगस्ट १९४५ मध्ये पोर्ट ब्लेअरला खायला उरलं नव्हतं, दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे जहाजं येईनात, तेव्हा शेकडो लोकांना शेती करायला नेतो सांगून बोटीत घातलं आणि हॅवलॉकजवळ रात्री समुद्रात ढकललं. वाचले ते अगदी मोजके. ताई, हे नानीला आपणहून विचारू नका मात्र. कुणाच्या घरातलं कोण त्या बोटीत होतं, सांगता येत नाही.

रताळ्याचा_कीस:
खारेवारे दादा, खूप आभार. हम्फ्रीगंज, हॅवलॉक काही काढलं नाही, फक्त विचारलं, नेताजी आले त्या दिवशीचं काय आठवतं? म्हणाली, झेंडा नाही आठवत, लोकांचे पाय आठवतात, सगळे उंच आणि मी खाली. बरीच गोणपाट नेसलेली, तेव्हा कापड मिळतच नव्हतं. आणि घरून निघताना अम्माने हनुवटी धरून सांगितलं होतं, "कोई पूछे तो हँसना, और डागदर साहब का नाम मत लेना."

डागदर साहब कोण हे तिने सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. तुमचं वाचलेलं होतं ना. नवरा गप्प बसून ऐकत होता, मग उठून तिच्यासाठी चहा टाकला. आणि मी येडी, मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंगचं बटण दाबायचंच विसरले. आता रविवारी परत बसवते तिला, मूड असला तर.