लोड असला की पिकअपच्या खालून किच-किच, रिकामी असली की गप्प. गिअरबॉक्स खोलायचा का?

पांदणवाला: डिझेल पिकअप, २००८ चं मॉडेल, ड्राइव्ह मागच्या चाकांना, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा फिरता दांडा) दोन तुकड्यांचा. घाटंजीकडे कापूस भरून निघालं की पहिल्या-दुसऱ्या गिअरात खालून किच-किच सुरू होते, चाळीसच्या वर ऐकू येत नाही. रिव्हर्सवरून पहिला टाकला की एकदा 'टण्' वाजते. गाडी धुतली की एक-दोन दिवस शांत. फॅन बेल्ट नवीन टाकला, फरक नाही. मिस्त्री म्हणतात गिअरबॉक्स खोला. सीझनमध्ये गाडी उभी ठेवणं परवडत नाही. आधी काय तपासू?

ग्रीसगन: गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका भाऊ. सपाट, मोकळ्या रस्त्यावर आवाज येत असतानाच क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी घरंगळू द्या (भरल्या गाडीने उतारावर नको). इंजिन आयडलला आलं तरी किच-किच गाडीच्या वेगानेच चालू राहिली, तर इंजिन, बेल्ट, क्लच यांचा संबंध नाही.

तुमची लक्षणं ऐकून माझा संशय शाफ्टच्या क्रॉसवर (सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा), त्यातही डिफ्रेंशियलजवळच्या (मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा). क्रॉसची चारही टोकं सुयांच्या बेअरिंगच्या कपात बसतात. क्रॉस आपल्या कपात पूर्ण फिरत नाही, काही अंशच मागेपुढे हलतो. ग्रीस संपलं की सुया एकाच जागी घासून खाचा पाडतात. लोड पडला की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस दुसऱ्याच पट्ट्यात हलायला लागतो. म्हणून रिकाम्या गाडीत आवाज नाही. धुतल्यावर पाणी आत जाऊन तात्पुरतं ओलं होतं, मग गंज वाढतो.

तपासायला गाडी सपाट जागी लावा, चारही चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मग न्यूट्रल. खाली जाऊन क्रॉसच्या दोन्ही बाजूंचे योक (क्रॉस धरणारे दोन फाट्यांचे तुकडे) दोन हातांनी धरा आणि उलटसुलट पिळा. दोन योकमध्ये जराही ढिलाई जाणवली की क्रॉस बाद. कपाच्या कडेला विटेच्या भुकटीसारखी लाल पूड दिसली तरी बाद.

बाभूळबन: वरचं बरोबर आहे, पण 'टण्' फक्त क्रॉसचाच असेल असं धरू नका. सेंटर बेअरिंगचं (शाफ्टला मध्यभागी आधार देणारं) रबर टॉमीने (लोखंडी दांड्याने) हळूच उचलून पाहा. फाटलेलं असेल तर गाडी जागेवरून निघताना शाफ्ट उडी मारतो. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले असले तरी असाच ठोका येतो.

डिफ्रेंशियलचा फिलर प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) खोलून बोट घाला. ऑइल भोकाच्या काठापर्यंत हवं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. पावसाळ्यात गरम हाउसिंग नाल्याच्या थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. ब्रीदरमध्ये (हाउसिंगची हवा ये-जा करायची वाट) काळी माती बसली असेल तर उलट दाब वाढून सीलमधून ऑइल गळतं. तो काढून डिझेलने धुवा. डिफ्रेंशियल किचकिचत नाही, घूं-घूं करतं, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडता तो सूर बदलतो.

गिअरबॉक्सची शंका उभ्या गाडीतच फिटेल. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. क्लच दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग, दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. दोन्ही नाही तर निदान या आवाजासाठी तरी खोलू नका.

पांदणवाला: मागच्या क्रॉसच्या दोन कपांना लाल पूड आहे, हलकी ढिलाईही लागते. सेंटर बेअरिंग ठीक, ऑइल स्वच्छ. नुसतं ग्रीस भरून हंगाम काढता येईल का?

ग्रीसगन: नाही. ढिलाई आली म्हणजे खाचा पडल्या. ग्रीसने आवाज दबेल, झीज थांबणार नाही. चालत्या गाडीत क्रॉस तुटला तर शाफ्ट खाली आपटतो, ब्रेकचा पाइपही तोडू शकतो.

शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँज (बोल्टने जोडलेली चकती) आणि दोन्ही तुकड्यांच्या जोडावर रंगाने खुणा करा. योकची जुळणी चुकली तर नवीन क्रॉसवरही गाडी थरथरेल. शाफ्ट सुटला की गिअर गाडीला धरत नाही, ठोकळे काढू नका. नवा क्रॉस घेताना कपाचा व्यास आणि एका कपापासून समोरच्या कपापर्यंतची लांबी व्हर्नियरने जुळवा. कप हातोड्याने ठोकू नका, योक वाकतो आणि आत एखादी सुई आडवी पडते. व्हाइसमध्ये दाबून बसवा. सर्क्लिप (कप जागी अडवणारी कडी) खाचेत पूर्ण बसल्यावर क्रॉस हाताने सगळीकडे फिरवून पाहा, कुठेच अडकायला नको.

क्रॉसला ग्रीस भरायचं निपल असेल तर लिथियमचं ईपी-२ ग्रीस, चारही कपांच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत. स्लिप योकलाही (शाफ्टचा मागेपुढे सरकणारा जोड) द्या. फ्लँजचे नट-बोल्ट नवीन टाका आणि पहिल्या भरल्या फेरीनंतर पुन्हा आवळून घ्या.