सभागृहातील टीव्ही : फोर-के घ्यावा की फुल एचडी?

सचिव: सभागृहासाठी ६५ इंची टीव्ही घेण्याचे ठरत आहे. तो फुल एचडी असावा की फोर-के, याबद्दल सभासदांनी कृपया मत कळवावे.

ब विंग, तिसरा मजला: नमस्कार. काल मी सभागृहात टेप लावून पाहिली. पडद्याच्या भिंतीपासून पहिली रांग चार मीटरवर आणि शेवटची आठ मीटरवर येते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० ठिपके असतात आणि फोर-केवर ३८४०, हे खरेच. परंतु निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचाच बारकावा ओळखता येतो आणि चार मीटरवरून तो सुमारे १.२ मिलिमीटर भरतो. ६५ इंची फुल एचडी पडद्यावरचा ठिपका जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असल्यामुळे पहिल्या रांगेतूनसुद्धा ठिपके सुटे दिसणार नाहीत. माझ्या घरच्या ४३ इंची फुल एचडी टीव्हीवर पाच फुटांवरून तिरप्या रेषांच्या पायऱ्या दिसतात. आठ फुटांवर सरकलो की त्याच रेषा गुळगुळीत होतात.

अ विंग, पहिला मजला: पण काका, दुकानात आम्हाला दोन्हींतला फरक चटकन जाणवला होता.

ब विंग, तिसरा मजला: ताई, तो जाणवणारच, कारण दुकानात आपण पडद्यापासून जेमतेम मीटरभर अंतरावर उभे असतो. शिवाय दोन संचांची चमक आणि रंगही वेगळे असतात, ते मात्र लांबूनही कळते.

मला खरी काळजी वार्षिक सभेतल्या हिशेबपत्रकाची आहे. ६५ इंची पडद्याची उंची साधारण ८१ सेंटिमीटर असते. त्यावर चाळीस ओळींचे पान दाखवले, तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला दोन सेंटिमीटर येतात आणि अक्षर सेंटिमीटरभरच उरते. आठ मीटरवरून, चष्म्याचा नंबर अचूक असला तरी, जेमतेम ओळखू येणारे अक्षरच सुमारे १२ मिलिमीटरचे असते. म्हणजे मागे बसणाऱ्या ज्येष्ठांना आकडेच काय, अनुस्वार आणि मात्राही कळणार नाहीत, आणि फोर-के घेतल्याने त्यात तसूभरही फरक पडणार नाही, कारण अक्षर तेवढेच राहील. म्हणून माझे मत असे, की शक्य असल्यास पडदा आणखी मोठा घ्यावा, आणि ते जमत नसेल तर कोषाध्यक्षांनी एका पानावर पंधराच ओळी ठेवाव्यात.

सचिव: मागच्या वर्षीचे पत्रक तसे मांडून शेवटच्या रांगेतून वाचून पाहतो आणि मगच दरपत्रके मागवतो.