मुंबईतला २६ जुलै २००५चा पूर: पावसाचा की माणसाचा?

कुर्ल्यात_नवा: बैल बाजाराजवळ तळमजल्यावर भाड्याने खोली बघतोय. मालक म्हणतो, "२००५सारखा पाऊस शंभर वर्षांत एकदा येतो, बिनधास्त या." ऑफिसातले म्हणतात, पूर प्लॅस्टिकच्या पिशव्यांमुळे आला. एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडल्यावर कुठलंही शहर बुडणारच ना?

कलिनाकर: ९४४ हा सांताक्रूझचा आकडा. त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३. तेव्हा ढग आमच्याच डोक्यावर रिता झाला, हे मान्य. पण आमच्या घरात शिरलं ते काळं, तेलकट पाणी होतं, मिठी नदीचं. साडेतीनला उंबऱ्याशी, दिवेलागणीला स्वयंपाकाच्या ओट्यावर. आईला खुर्चीत बसवून आम्ही दोघा भावांनी दुसऱ्या मजल्यावर नेलं. मागच्या तबेल्यातल्या म्हशी रात्रभर रेकत होत्या. पहाटे आवाज थांबला.

मिठी विहार-पवई तलावांच्या सांडव्यातून निघते नि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत विमानतळापाशी तिला काटकोनात वळवलंय, धावपट्टी तिच्यावरून गेलीय. आज वांद्रे-कुर्ला संकुल आहे तिथे खारफुटी नि चिखलाची जमीन होती. भरतीचं पाणी तिथे पसरायचं, ती भराव घालून बुजवली. त्यात तबेल्यांचं शेण, भंगाराच्या गोदामांतलं तेल. गटारं तेव्हा ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची, तीही ओहोटी असेल तर. त्या दुपारी नेमकी भरती. पिशव्यांनी तोंडं तुंबली, खोटं नाही. पण पिशवीवर खापर फोडणं सोपं, ती उलट बोलत नाही.

खोली बघायला जाल तेव्हा भिंतीचा रंग नका बघू. विजेचे मीटर किती उंचावर आहेत ते बघा.

निवृत्त_ओव्हरसियर: कलिनाकरांशी सहमत. एक भर घालतो. गटारांची क्षमता ताशी ५० मिलिमीटर करा, असं मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ सालीच सांगितलं होतं. पुराच्या १२ वर्षं आधी! पुरानंतर कारणं शोधायला माधव चितळे समिती नेमली, तिचाही अहवाल आला. आपल्याकडे अहवालांचा तुटवडा कधीच नव्हता.

चाळकरी७२: मालक कुठल्या शंभर वर्षांचा हिशेब सांगतोय? कुर्ल्यात गुडघाभर पाणी तर दर दोन-तीन वर्षांनी असतंच. पहिला मजला मिळतोय का बघ रे.

कुर्ल्यात_नवा: आज जाऊन आलो. मीटर माझ्या डोक्याच्याही वर, रीडिंग घ्यायला स्टूल लागेल. इतके वर का, असं मालकाला विचारलं. म्हणाला, "उंदीर फार आहेत हो."