'सेव्हन साम्स' सलग ऐका
"आवाज थकलाय, एकही चाल गुणगुणता येत नाही," ही अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनच्या 'सेव्हन साम्स' (सात स्तोत्रं) या अल्बमबद्दलची तक्रार मला अर्धीच पटते. आवाज थकलाय, खरंय. २०२३ मध्ये अल्बम आला तेव्हा तो ८१ वर्षांचा होता, आणि काम चालू असतानाच त्याच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. पण सात भागांची ही ३३ मिनिटं त्याने मुद्दाम एकच ट्रॅक म्हणून दिली आहेत. तुकड्यातुकड्यांनी ऐकून हाती काही लागत नाही. गिटारची एक सुरावट पुन्हा पुन्हा येते, दर वेळी नवी शंका घेऊन. शेवटाकडे त्याची पत्नी एडी ब्रिकेल गाऊ लागते, तेव्हा तर त्याचा कापरा आवाजच योग्य वाटतो. त्याच्या जुन्या 'ग्रेसलँड' अल्बमचा ठेका इथे शोधूच नका. मधला गमतीदार, ब्लूज शैलीतला भाग मात्र मलाही उपरा वाटला.