‘जपानी रामायण आता मुलांना दाखवू नका’ म्हणणाऱ्यांसाठी

पिंपळपान
सडेतोड यांनी गेल्या आठवड्यात इथे टाकलेली पोस्ट वाचली आणि राहवेना, म्हणून वेगळा धागा काढते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जपानी दिग्दर्शक युगो साको यांचं रामायणावरचं ॲनिमेशन, ‘द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा’, आता जुनाट झालंय. चित्रं धड हलत नाहीत, सव्वादोन तास कुठलंही मूल जागेवर बसत नाही, आणि आपण ते मुलांना दाखवतो ते मुलांसाठी नाही तर केबलवर पाहिलेलं स्वतःचं बालपण परत जगायला. शेवटचं वाक्य: ‘आठवणींचा हा जुलूम थांबवा.’

आमच्याकडे हा जुलूम सहन करणारी दोन मुलं आहेत, नऊ आणि सहा वर्षांची. 2025 च्या जानेवारीत चित्रपट 4-के करून पुन्हा लागला तेव्हा थिएटरात नेलं होतं, आणि आता सुट्टीत सासूबाईंसकट सगळे घरी बसून पुन्हा पाहिला. धाकट्याची चुळबुळ झाली, ती वनवासाला निघतात तिथे. पण कुंभकर्णाला उठवायला राक्षस जमले आणि त्याने वाटीतला चिवडा खायचा थांबवला. मूठ तोंडाशी, तशीच. कुंभकर्ण पडला तेव्हा आजीकडे वळून म्हणाला, ‘पण तो तर झोपला होता ना? त्याला कशाला उठवलं?’ पुढे अर्धा तास सासूबाई आणि तो याच विषयावर. भावाने हाक मारली म्हणून चूक माहीत असूनही तो लढायला गेला, हे त्या सांगत होत्या आणि मुलगा ऐकत होता. हे मी घडवून आणलेलं नाही. चित्रपटाने घडवलं.

आणि ‘चित्रं हलत नाहीत’ याचं तर मला फार वाईट वाटलं. साडेचारशेच्या आसपास चित्रकार, हाताने रंगवलेले लाखभर सेल, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवरची चित्रं. साको 1983 मध्ये प्रयागराजजवळच्या शृंगवेरपूरच्या उत्खननावर माहितीपट करायला भारतात आले होते, तिथून हे वेड लागलं आणि पुढची दहा वर्षं त्यात गेली. विश्व हिंदू परिषदेने आक्षेप घेतला, सरकारने हात आखडता घेतला, तरी माणूस मागे हटला नाही. इतक्या निष्ठेने केलेल्या कामाची दोन ओळींत वासलात लावायची?

सडेतोड
पोस्ट माझी असल्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

ताई, साकोंच्या निष्ठेबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. निष्ठा होती म्हणून माझ्या मुलीने बसावं असं होत नाही ना. तुमचा मुलगा ज्या कुंभकर्णापाशी थबकला त्याच कुंभकर्णाला माझी पाच वर्षांची मुलगी इतकी घाबरली की रात्री दिवा बंद करू देईना. बायको मला म्हणाली, ‘तुला बघायचा होता, तिला नाही.’ ते खरं होतं, आणि तेच मी लिहिलं. खोलीत आम्ही तीन मोठी माणसं डोळ्यांत पाणी आणून बसलेलो आणि मुलगी सोफ्याच्या मागे. हे तुमच्याकडे घडलं नसेल तर आनंद आहे, पण बऱ्याच घरांत हेच घडतं आणि कोणी लिहीत नाही, कारण रामायण म्हटलं की बोलायची चोरी.

दुसरं. सीतेला या चित्रपटात करायला काय आहे? आणि उत्तरकांड गायब. आनंदीआनंद करून संपतो. आज मुलीला दाखवताना हे खटकणार नसेल तर कधी खटकणार?

तिसरं, आणि याचं उत्तर कोणीच देत नाही. आपण ज्याच्या आठवणी काढतो तो चित्रपट 2025 ला थिएटरात लागलाच नव्हता. आपल्या हिंदीत राम अरुण गोविल होते, रावण अमरीश पुरी, निवेदन शत्रुघ्न सिन्हांचं. 2025 ला सगळे आवाज नवे. अमरीश पुरींशिवाय तो रावण! मग आपण पोरांना नक्की काय दाखवतोय?

रेघोट्या
मी ॲनिमेशन शिकवतो, त्यामुळे ‘धड हलत नाही’ यावर गप्प बसणार नाही.

सेकंदाला चोवीस चौकटी असतात. जपानी पद्धतीत एकच चित्र दोन किंवा तीन चौकटी धरून ठेवतात. ते पैसे वाचवायला सुरू झालं हे मान्य, पण चांगल्या माणसाच्या हातात त्याचं हत्यार होतं. पात्र थांबतं, पार्श्वभूमी थांबते, आणि मग हालचाल आली की ती अंगावर येते. कुंभकर्णाचं पाऊल उचलतानाचा वेळ मोजा. त्याला वजन आहे ते त्या थांबण्यामुळे. आजच्या कॉम्प्युटरवरच्या मालिकांत सगळं सतत हलतं, डोळे, केस, कॅमेरा, आणि कशालाच वजन नसतं. मुलांच्या डोळ्यांना त्याची सवय लागली असेल तर सवय बदलायची की चित्रपट फेकायचा?

शिवाय हा चित्रपट ‘जपानी’ म्हणून मोकळे होऊ नका. दिग्दर्शकांत साको आणि कोइची सासाकींबरोबर राम मोहन यांचं नाव आहे. धोतर नेसलेला माणूस चालताना निऱ्या कशा पडतात, नमस्कार करताना मान कुठे जाते, मांडी घालून बसलेला माणूस उठतो कसा, हे जपानी चित्रकारांना आपल्या लोकांनी दाखवलं. राम मोहन म्हणजे 1956 मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिरलेला माणूस. 2014 मध्ये पद्मश्री, 2019 मध्ये गेले. माझ्या वर्गात दरवर्षी विचारतो, राम मोहन कोण? हात वर होत नाहीत. पालक येतात ते एकच विचारतात, कोर्स झाल्यावर पगार किती. या गृहस्थाने मुंबईत राहून एक पिढी उभी केली आणि त्यांच्या चित्रपटाला आपण ‘ते जपानी कार्टून’ म्हणतो, याची मला चीड आहे.

सीतेबद्दल सडेतोड यांचं बरोबर आहे. तिला कमी दिलंय. एवढंच मान्य.

लिंबोणी
न्यू जर्सीहून लिहितेय. तुम्ही सगळे आवाज आणि रेषांवर भांडताय, माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

माझ्या मुलांना हिंदी येत नाही. घरात मराठी, बाहेर इंग्रजी. मग आमच्या वाट्याला इंग्रजी आवृत्ती. त्यातही इथे 2001 मध्ये आलेल्या अमेरिकन आवृत्तीत रामाचा आवाज अमेरिकन नट ब्रायन क्रॅन्स्टनचा. वडील भारतातून आले होते, त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, ‘चित्रं बघतो, आवाज बंद कर, मी सांगतो.’ आणि त्यांनी पूर्ण चित्रपट मराठीत सांगितला, मधे मधे गीतरामायणातल्या ओळी म्हणत. ज्या घराने 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला नव्या गाण्याची वाट पाहिली, तिथल्या माणसाला रामायण मराठीत हवं असणं ही काय चैन आहे?

2025 ला हिंदी, इंग्रजी, तमिळ, तेलुगू. मराठी नाही. का?

मांडवीकाठ
लिंबोणीताईंना शंभर टक्के अनुमोदन. आमच्या पणजीत हिंदीच लागला. भाची विचारत होती, हा देव हिंदीत का बोलतो. मराठी नाही, कोंकणी तर स्वप्नातही नाही. मूळ चित्रपटातली संस्कृत गाणी लिहिली वसंत देव यांनी, ज्यांनी तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेली. संगीत वनराज भाटियांचं, मुंबईचे. राम मोहन मुंबईत. सगळं आपल्या अंगणात, आणि पंगतीत आपलं पान नाही.

आवाजवाला
मी डबिंगमध्ये काम करतो, हिंदी आणि मराठी दोन्हीत. रागवा, पण ऐका.

मराठी आवृत्ती निघत नाही ती कोणाच्या द्वेषापोटी नाही. वितरक एकच हिशेब मांडतो: हिंदी आवृत्ती महाराष्ट्रात चालणारच आहे, मराठी काढली तर तेच प्रेक्षक दोन पडद्यांवर विभागणार. तमिळ-तेलुगू प्रेक्षक हिंदीला येत नाही, म्हणून तिथे आवृत्ती निघते. आपण हिंदी समजून घेतो त्याची ही किंमत आहे. वर प्रत्येक आवृत्तीला सेन्सॉरचं वेगळं प्रमाणपत्र, गाणी नव्याने लिहायची आणि गाऊन घ्यायची की तशीच ठेवायची हा वेगळा खर्च.

आणि काम सोपं नाही. चित्रपटाचे मूळ संवाद इंग्रजीत आहेत. म्हणजे आपण ज्याला ‘खरा आवाज’ म्हणतो ती अमरीश पुरींची आवृत्तीसुद्धा डबिंगच, हे सडेतोड यांनी लक्षात घ्यावं. ओठ मिटताना दिसले की तिथे प, ब, म असं काहीतरी यावं लागतं, वाक्य लांबलं की कापावं लागतं. चांगला लेखक बसवला तर उत्तम होतं. पण मराठीला तो लेखक देत नाहीत. हिंदी स्क्रिप्ट हातात देतात आणि म्हणतात, संध्याकाळपर्यंत करून द्या. त्यातून जे निघतं ते ऐकून तुम्हीच म्हणता, मराठी डबिंग ऐकवत नाही. असा माल काढण्यापेक्षा न काढलेला बरा, असं माझं मत झालंय.

लिंबोणी
‘न काढलेला बरा’? तुम्ही या धंद्यात राहून हे म्हणता? मग तुमच्यात आणि त्या वितरकात फरक काय? आम्ही हिंदी समजून घेतो म्हणून आम्हाला मराठी नाही, आणि आमच्या पोरांना हिंदी समजत नाही तर त्यांनाही मराठी नाही. दोन्हीकडून आम्हीच दोषी!

आवाजवाला
ताई, दोषी म्हणालो नाही. मराठीत डब केलेले चित्रपट टीव्हीवर लागतात तेव्हा किती जण बघतात ते सांगा. माझ्या आवाजातला एक लागला होता, माझ्या सख्ख्या चुलत्यांनी पाच मिनिटांत चॅनल बदलून हिंदी लावला. समोर मी बसलेलो. मागणी आहे म्हणणारे सगळे लिहिणारे आहेत, बघणारे नाहीत.

सडेतोड
मधे बोलतो. आवाजवाला यांचं म्हणणं बाजाराचं झालं. पण लहान मुलांच्या बाबतीत तो हिशेब लागत नाही. मोठा माणूस हिंदी चालवून घेतो, पाच वर्षांचं मूल नाही घेत. माझी मुलगी घाबरली त्यात अर्धा भाग हाही असेल की काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. मी कानात भाषांतर करत होतो आणि प्रत्येक वाक्याला मागे पडत होतो. तेव्हा मराठी हवं या बाजूला मला धरा. मूळ मुद्द्यावर मात्र मी तसूभर हललेलो नाही.

पिंपळपान
मग मूळ मुद्द्यावरच येऊ, कारण माझा धागा डबिंगचा नव्हता.

सडेतोड, तुम्ही स्वतःच आता सांगितलंत की मुलीला कळत नव्हतं. मग दोष चित्रपटाच्या जुनेपणाचा कसा? पाच वर्षांच्या मुलीला न सांगता-सवरता कुंभकर्णासमोर बसवलं तर ती घाबरणारच, चित्रपट काल आलेला असो की 1993 साली दिल्लीच्या महोत्सवात दाखवलेला असो. आमच्याकडे सासूबाई आदल्या रात्रीपासून गोष्ट सांगत होत्या. कोण कोणाचा भाऊ, कोण झोपतो, कोण उडतो. मुलं बसली ती त्यामुळे. लिंबोणीताईंच्या वडिलांनी केलं तेही हेच. हा चित्रपट घरातल्या कोणीतरी सोबत सांगत बघायचा आहे. मुलांना टीव्हीसमोर ठेवून आपण स्वयंपाकघरात जाण्यासाठी तो नाही. म्हणूनच त्याचा संथपणा मला दोष वाटत नाही. त्या थांब्यांमध्ये बोलायला जागा मिळते.

उत्तरकांडाचं म्हणाल तर सहा वर्षांच्या मुलाला सीतात्याग दाखवावा असं मला वाटत नाही. थोरलीने मात्र विचारलं, ‘नंतर काय झालं?’ तिला सांगितलं. ती रागावली, रामावर. रागावू दे. तो प्रश्न तिला पडला कारण आधी दोन तास तिचा सीतेवर जीव जडला होता.

नव्या आवाजांबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. नवा रावण मलाही लागला नाही. मुलांना काही फरक पडला नाही.

सडेतोड
‘न सांगता-सवरता बसवलं’ हे तुम्ही गृहीत धरलंत. गोष्ट मीही सांगितली होती. सगळ्यांच्या घरी सासूबाई नसतात, ताई. आम्ही दोघंही नोकरीला, आईवडील गावी. जो चित्रपट बघायला घरात एक आजी लागते तो सगळ्यांसाठी आहे असं म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

रेघोट्या
आजी नसेल तर बाप आहे की. तुकड्या-तुकड्यांनी दाखवा. एका बैठकीत सव्वादोन तास बघायलाच हवा असा नियम कोणी केला? सेतू बांधतात तिथे थांबा, पुढचं पुढच्या रविवारी. कुंभकर्ण दोन वर्षांनी दाखवा. वर्गातल्या मुलांना मी हेच करतो, एक प्रसंग, आवाज बंद, फक्त हालचाल बघायची.

सडेतोड
तुकड्यांनी दाखवायला हरकत नाही. वनवासापर्यंतचा भाग दाखवून बघतो. पण ती उठली तर उठू देणार, आणि इथे येऊन सांगणार.

मांडवीकाठ
आवाजवाला, पळू नका. स्क्रिप्ट नीट मिळाली आणि वेळ दिला तर मराठीत हा चित्रपट तुम्ही करायला घ्याल की नाही, एवढं सांगा.

आवाजवाला
पळालो नाही, रेकॉर्डिंगला होतो. लेखक चांगला असेल तर घेईन. बिभीषण करीन. रावणाला माझा आवाज पुरणार नाही. पण वितरकाला पटवायचं काम तुमचं, आणि लागला की थिएटरात जायचं कामही तुमचंच.

लिंबोणी
थिएटरात कुठून जाऊ, इथे लागणार आहे का? ऑनलाइन आणा, पैसे मोजून घेऊ. वितरकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा आज रात्री लिहून इथे टाकते. गाण्यांचं काय करायचं ते मात्र आधी ठरवा. माझ्या मते संस्कृत आहेत तशी राहू द्यावीत.

मांडवीकाठ
संस्कृत अजिबात नको! मुलांना कळायला हवं म्हणून मराठी मागतोय ना आपण? गाणी मराठीतच हवीत, आणि नव्याने लिहून घेतलेली.