जुनं घड्याळ जपानहून मागवलं, टॅरिफ स्वित्झर्लंडचं का?

काटेकोर: ऑक्टोबर 2025 मध्ये जपानमधल्या विक्रेत्याकडून एक वापरलेलं स्विस ऑटोमॅटिक अमेरिकेत मागवलं. घड्याळ 1,400 डॉलर, पाठवणावळ 64. जपानी मालाला 15 टक्के, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे बसतील असं धरून चाललो होतो. कुरियरच्या बिलात टॅरिफच्या एकाच ओळीला 570.96 डॉलर! साधी ड्युटी आणि त्यांची फी वेगळीच. फोनवरची बाई एवढंच म्हणाली, "ओरिजिन स्वित्झर्लंड." अहो, पण ते घड्याळ वीस वर्षं जपानातच होतं!

एंट्रीवाला: कस्टम्सच्या एंट्र्या, म्हणजे आयात मालाची कागदपत्रं, भरण्यातच माझा दिवस जातो, म्हणून सांगतो. बाई बरोबर बोलल्या. माल कुठून निघाला हे टॅरिफ बघत नाही, कुठे बनला ते बघतं. अमेरिकन कस्टम्सच्या लेखी घड्याळाचं मूळ म्हणजे आतल्या मशीनचं मूळ. डायलवर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात 'स्विस मेड' आहे ना? मग मशीन स्विसच. जपानात वीस काय, पन्नास वर्षं राहिलं तरी त्याला तिथलं नागरिकत्व मिळत नाही.

स्विस दर 7 ऑगस्टपासून 39 टक्के होता. जाहीर झाला 1 ऑगस्टला, नेमका त्यांच्या राष्ट्रीय दिनी. 800 डॉलरपर्यंतचा माल बिनड्युटी आणायची सूटही ऑगस्टअखेर गेली, पण तुमचं घड्याळ त्यात बसणारच नव्हतं.

मात्र 570.96 ला 0.39 नं भागून बघा. 1,464 येतात. म्हणजे पाठवणावळीवरही टॅरिफ लावलंय. अमेरिकेत आंतरराष्ट्रीय भाडं आणि विमा मालाच्या किमतीत धरत नाहीत, फक्त ते इनव्हॉइसवर वेगळे दाखवलेले हवेत. जवळपास 25 डॉलर जास्त घेतलेत.

दोन_काटे: मग शोरूममधल्या किमती 39 टक्के का नाही चढल्या?

एंट्रीवाला: कारण ड्युटी लेबलवरच्या किमतीवर लागतच नाही. ब्रँड आपल्याच अमेरिकन कंपनीला ज्या भावानं माल विकतो, त्यावर लागते. समजा लेबल 10,000 चं आणि आयात भाव 5,000. ऑगस्टआधीच्या 10 टक्क्यांनी 500 जायचे, 39 नं 1,950. फरक 1,450. त्यातलं थोडं ब्रँड सोसतो, थोडं दुकानदार, उरलेलं गिऱ्हाईक. शिवाय मंडळींनी आधीच गोदामं भरली होती. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेला गेलेली स्विस घड्याळं मूल्यानं आदल्या एप्रिलच्या जवळजवळ अडीचपट होती. ऑगस्टनंतर निर्यात आपटली ती त्यामुळेही.

दोन_काटे: आणि नोव्हेंबरात स्विस उद्योगपती व्हाइट हाउसमध्ये रोलेक्सचं टेबल-घड्याळ देऊन आले, दहा दिवसांत स्विस दर 15 टक्के जाहीर! काटेकोर, तुम्ही महिनाभर कळ काढायला हवी होती.

काटेकोर: जखमेवर मीठ चोळू नका. इनव्हॉइस काढलं. पाठवणावळ वेगळ्या ओळीत आहे, कुरियरनं बेरीज उचलून टाकलीय. दुरुस्तीला मुदत किती?

एंट्रीवाला: कस्टम्सनं एंट्रीचा हिशेब कायम केल्यापासून 180 दिवसांत प्रोटेस्ट, म्हणजे रीतसर हरकत, करता येतो. पण आधी कुरियरच्या ब्रोकरेज विभागाला (कस्टम्सची कागदपत्रं तेच भरतात) एंट्री नंबर टाकून मेल करा, फोन नको. 39 चे 15 मात्र होणार नाहीत, एंट्री ऑक्टोबरची आहे.

काटेकोर: मेल केला. घड्याळ मात्र झकास चालतंय, दिवसाला चार सेकंद पुढे.