बाबांची मारुती ८०० : पुढच्या चाकाची घरघर

मस्कतहून

मंडळी, नमस्कार.

चवथीला डिचोलीला जाऊन आलो. बाबांची २००६ची मारुती ८०० अजून दारात आहे आणि म्हापशाच्या बाजाराला ते तीच घेऊन जातात. गाडी चाळीसच्या पुढे गेली की पुढून घरघर सुरू होते आणि वेग वाढेल तशी वाढत जाते. क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली तरी आवाज तसाच राहतो, म्हणजे इंजिनाचा नसावा. बाबांच्या मते डाव्या चाकातून येतो. एका गॅरेजवाल्याने चाक न उचलताच निदान केलं : चारही टायर, दोन्ही शॉकअप आणि वर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं). बाबा हो म्हणायच्या बेतात होते, मी थांबवलं. आता मी इथे आणि गाडी तिथे. फोनवरून त्यांना नेमकं काय बघायला सांगू?

मडगावहून

टायर खरंच जुने आहेत का ते आधी बघा. बाजूच्या भिंतीवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक होतंच, त्यात बाबांचं फिरणं कमी. पण आवाजाचं खापर लगेच टायरवर फोडू नका.

फोंड्याहून

> बाबांच्या मते डाव्या चाकातून येतो

बाबांना दोष नाही, पण पत्र्याच्या डब्यात आवाज कुठून कुठे जाईल याचा भरवसा नसतो. कानापेक्षा वळणावर विश्वास ठेवा. अस्नोड्याच्या रस्त्याला वळणं भरपूर आहेत. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. डाव्या वळणावर घरघर वाढली आणि उजव्या वळणावर दबली, तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं). उलट झालं तर डाव्याचा.

टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. नव्या गुळगुळीत डांबरावर तो एकदम मवाळ होतो, उखडलेल्या रस्त्यावर वाढतो. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, वेग तोच असेल तर सूरही तोच. तरीही शंका उरली तर पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज मागे गेला तर टायर दोषी.

अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने झिजतो. नुसत्या अलाइनमेंटने घरघर होत नाही. सत्तर-ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं ते बहुधा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसतं. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवताना कट-कट वाजलं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट; मग रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतंच. तुमच्याकडे यातलं काहीच नाही.

आता चाक उचलायचं. बाबांनी एकट्याने करू नये, ओळखीच्या मेस्तला (मेकॅनिकला) बोलवा. अंगणातली जांभ्याची माती पावसात मऊ झालेली असते, जॅकखाली जाड फळी हवी. मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, आणि गाडी स्टँडवर टेकवलेली. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली कोणी हातही घालायचा नाही.

चाक वर-खाली, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर धरून हलवायचं. प्ले (सैलपणा) जाणवला तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचं. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला पकडतात आणि हब (चाक ज्याला बसतं तो भाग) नकलशी (बेअरिंग धरणाऱ्या लोखंडी भागाशी) जखडला जातो. तेवढ्यात प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर नकल ज्यावर खाली टेकतो त्या बॉल जॉइंटचा. तीन आणि नऊवर धरून हलवल्यावरच प्ले लागला तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचं चाकाकडचं टोक) बघा.

प्ले नसला म्हणून बेअरिंग निर्दोष ठरलं असं नाही. एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. कानाला काही ऐकू येत नसतं तेव्हाही लागते. माझ्या मते सगळ्यात खात्रीची परीक्षा हीच, आणि फुकटची.

मस्कतहून

काकांना दंडवत. डाव्या वळणावर आवाज वाढला. मेस्तने दोन्ही चाकं उचलली. प्ले कुठेच नाही, पण उजव्या स्प्रिंगला खरखर स्पष्ट लागली आणि डावी स्वच्छ. बाबा अजून डावीकडे बोट दाखवतायत, ते सोडा. टायर २०२१चे निघाले, झीज सारखी. गेल्या पावसात बाजारात पाणी चढलं होतं तेव्हा गाडी अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यातून आणली होती म्हणे. त्याचा संबंध असेल?

फोंड्याहून

दाट शक्यता. बेअरिंगचा ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारं रबरी कडं) वयाने कडक झाला की पाणी आत शिरतं, ग्रीस दुधाळ तपकिरी होतं, मग गोळ्यांवर आणि रेसवर (गोळ्या ज्यांच्यामध्ये फिरतात त्या आतल्या-बाहेरच्या कड्यांवर) गंज. जुनं बेअरिंग निघालं की मेस्तकडून मागून घ्या, बोटाने फिरवून बघितलं की बाबांचीही खात्री पटेल.

मेस्तला काही गोष्टी आधीच सांगा. बेअरिंग हातोड्याने ठोकून बसवायचं नाही, प्रेसवर बसवायचं, आणि नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या रेसवर. आतल्या रेसवर जोर दिला तर गोळ्यांचे चट्टे उमटतात आणि नवं बेअरिंग लवकरच घरघरायला लागतं. सील नवे, स्प्लिट पिन नवी. हबचा नट टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या मापालाच आवळायचा, अंदाजाने नाही. डावं आत्ता बदलू नका, पण उघडलेल्या बाजूचा ब्रेक कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनांवर मोकळा सरकतो का ते बघून घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत त्या अडकतात.

नकल शॉकअपवरून सोडलेला असेल तर चाकाचा कोन थोडा सरकतो, म्हणून अलाइनमेंट करावी लागेल. पण ती सगळ्यात शेवटी. शॉकअपमधून तेल गळत नसेल तर ते राहू द्या. आणि म्हापशाला एक फेरी झाली की चाकाचे नट पुन्हा एकदा आवळून घ्यायला बाबांना सांगा.